सतरा नंबरचं माप

४ जून

वन्सं,

नमस्कार, खुशाली, हवापाणी हे सगळं लिहून झालंय असं समजा आणि एकदम मुद्द्यावर या. फोन केला नाही, कारण फोन यांच्या खुर्चीला लागून आहे. हे पहिल्या घंटेलाच उचलतात, मला देतात आणि शेवटपर्यंत कान लावून बसतात. मला तुमच्याशी यांच्याबद्दलच बोलायचंय, तेव्हा पत्राशिवाय गत्यंतर नाही.

छापखाना बंद होऊन दीड वर्ष झालं. तीस वर्षं यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस आता उठत नाही. खुर्चीची गादी मी दोनदा नव्याने शिवली, पुन्हा बसली. काही म्हटलं की "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. तुम्हाला फोनवर मोठा आवाज ऐकू येतो, मला इथे दिवसभर एक शब्द ऐकायला मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायका माझ्या दुकानात गणवेश सैल करायला येतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला चार पायऱ्यांत दम. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. कुठे करायचा, ते काही डॉक्टर सांगत नाहीत. शेवटी आम्हीच लाकडाच्या वखारीवरचा हॉल सकाळचा भाड्याने घेतला. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई शिकवायला येतात, फुकट येतात आणि फुकट ओरडतातही. पण मालकाला आता वर्षाचं भाडं एकदम हवंय. तुमच्या संस्थेची जाहिरात आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पाहिली, वस्तीतल्या आरोग्य उपक्रमांना अनुदान. आम्हाला मिळेल का?

खरं कारण पोटात ठेवा. हॉलची चावी मी यांच्याकडे दिलीय. कुलूप घट्ट आहे, बायकांना उघडत नाही, अशी थाप मारली. तेव्हापासून हे रोज साडेदहाला दाढी करून बाहेर पडतात, वन्सं! दीड वर्षांनी! हॉल गेला तर हे परत खुर्चीत, आणि या वेळी मी त्यांना उठवू शकणार नाही. हे अर्जात लिहायचं नसतं, एवढं मला कळतं.

तुमची वहिनी

१२ जून

वहिनी,

आधी एक ताकीद. तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि चार जणांसमोर फोडावं लागलं. पुढचं घरी पाठव.

माझं काम छाननीचं. अर्ज उघडायचे, कागद पुरे आहेत का बघायचं, पानभर सारांश लिहून समितीपुढे ठेवायचा. नात्यातल्या कुणाचा अर्ज आला तर साहेबांना सांगायचं आणि त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. तो मी पाळणार. त्यामुळे इथे काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला जे सांगते, तेवढंच तुला सांगते.

"बायकांना फार बरं वाटतं" असं लिहू नकोस. असं वाटणं समितीला मोजता येत नाही. आकडा दे. सोपा आकडा म्हणजे कंबर. पहिल्या दिवशी सगळ्यांची मापं घ्या, नावं नकोत, नंबर टाका. आधी सहा महिन्यांचे पैसे मिळतील. सहा महिन्यांनी आरोग्य केंद्राची सिस्टर येऊन पुन्हा मोजेल. घट दिसली तर तीन वर्षांचं मोठं अनुदान, नाही दिसली तर राम राम. मापाची काळजी तुला नको, हयात त्यातच गेली. तुझ्याइतकं काटेकोर माप कोण घेणार?

दादाचं वाचलं. फोनवर तर वाघ असतो. त्याला नुसतं चावीवर ठेवू नकोस, त्याचंही माप घे, नंबर दे. आकड्यात आला की जबाबदारी वाटेल.

घाई कर. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

तुझी नणंद

३० जून

वन्सं,

अर्ज आजच रजिस्टर पोस्टाने टाकला. एकतीस जण झाले. दुकान बंद ठेवून सकाळभर मापंच घेतली. माझी नेहमीची वही, नेहमीची टेप, कानामागे पेन्सिल. बायका रांगेत उभ्या राहून विचारत होत्या, "शिवणार काय आहात?" मी म्हटलं, शिवणार नाही, उसवणार आहे.

यांना सतरा नंबर. हात वर करायला तयारच नव्हते. "चावीवाल्याचं कसलं माप?" म्हणाले. पीटीच्या बाईंनी शिट्टी वाजवली तेव्हा दचकून दोन्ही हात वर गेले आणि मी टेप लावली. चाळीस इंच. व्यायाम मात्र करत नाहीत. दाराशी स्टूल टाकून बसतात, आलेल्यांच्या नंबरापुढे वहीत खूण करतात, फार झालं तर बसल्या बसल्या दोन-चारदा हात हलवतात. मला तेवढंही पुष्कळ आहे. काल तर घरी येऊन स्वतःहून बोलले, "बावीस नंबर आज आली नाही, का ते बघायला हवं." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आता हे पैसे मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला. पोस्टमन दिसला की टीप वाकडी जाते.

वहिनी

१७ डिसेंबर

वन्सं,

सहा महिने पत्र नाही, रागावला असाल. पहिले पैसे आले, मालक सहा महिन्यांच्या भाड्यावर तयार झाला, हॉल राहिला, आणि मग रोजच्या धबडग्यात हातात पेन आलं नाही. आज मात्र गणवेशांचा ढीग बाजूला सारून लिहायला बसलेय, कारण काल सिस्टर येऊन गेली!

तरतरीत पोरगी आहे. पडद्यामागे एकेकीला नेऊन मोजलं आणि बाहेर येऊन मोठ्याने आकडे वाचले. वन्सं, सगळ्यांची कंबर उतरलीय. कुणाची दीड इंच, कुणाची पावणेदोन. एक जणही रिकामी गेली नाही. पीटीच्या बाई सहा महिने "तुम्ही काही सुधारणार नाही" म्हणत होत्या, त्यांनी आकडे दोनदा वाचायला लावले.

आणि पहिला नंबर कुणाचा? सतरा! चाळीसची साडेछत्तीस. साडेतीन इंच! सगळ्या बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हे इतके लाजले की हजेरीची वही उलटी धरून बसले. मला घरी कळतच होतं म्हणा. यांच्या पँटी मी दोनदा आत घेतल्यात, आणि प्रत्येक टीप मारताना मनात गात होते. खाणं व्यवस्थित आहे, आणि पाणी तर किती पितात! तुमच्या पत्रकात लिहिलंय ना, भरपूर पाणी प्या, ते अगदी अक्षरशः धरलंय. तांब्या हातचा सुटत नाही.

आकडे सिस्टर थेट तुमच्याकडे पाठवणार आहे. आता लवकर काय ते कळवा, मला दम निघत नाही.

वहिनी

२ जानेवारी

वहिनी,

मंजूर! तीन वर्षं! समितीत असं क्वचित होतं, एकाही सभासदाने शंका काढली नाही. सतरा नंबरची तर खास चर्चा झाली. साहेब म्हणाले, असा एक आकडा असला की बाकीच्या तीस आकड्यांकडे लोक विश्वासाने बघतात. वार्षिक अहवालात पहिल्या पानावर घेणार आहेत. करारावर सह्या फेब्रुवारीच्या दहा तारखेला. त्या दिवशी तू ये, बरोबर दादाला आण.

सारांश माझ्या शेजारच्या टेबलावर लिहिला गेला, माझा त्यात काही संबंध नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

काल दादाला फोन केला होता. म्हटलं, हिरो झालास की! नुसता हसला. आवाज जरा बसका वाटला, सर्दी आहे का?

तुझी नणंद

१९ जानेवारी

वन्सं,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाका. नाहीतर नका फाडू, मला काही सुचत नाही.

काल ती सिस्टर दुकानात आली, नवा गणवेश शिवायला. मी नेहमीसारखी तिच्या कमरेला टेप लावली. ती म्हणाली, "काकू, टेपच्या आत तुमची बोटं आलीत." मी म्हटलं, बाई, बोटं आलेली नाहीत, घातलीत. दोन बोटं आत घालूनच माप घ्यायचं, नाहीतर जेवल्यावर बटण तुटतं. आईने शिकवलं, चाळीस वर्षं हात तसाच जातो. ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "जूनमध्येही अशीच मापं घेतली होती?"

अशीच घेतली होती. अंगावरच्या कपड्यांवरून, दोन बोटं सैल ठेवून, गिऱ्हाइकाचं घेते तशी. आणि सिस्टरने डिसेंबरात घेतली ती नुसत्या अंगावर, टेप टेकवून. तिचंच माप मग दोन्ही प्रकारे घेऊन बघितलं. बरोबर दीड इंचाचा फरक.

ती गेल्यावर दुकानाचं दार ओढून घेतलं आणि वही काढली. एकेकीच्या आकड्यातून दीड वजा करत गेले. कुणाचं शून्य, कुणाचं पाव. वन्सं, कुणाचीच कंबर उतरली नाही. सहा महिने त्या बिचाऱ्या घाम गाळत होत्या आणि मी माझ्या दोन बोटांची घट समितीला विकली. त्यांचे गुडघे बरे आहेत, दम कमी लागतो, बावीस नंबर आता जिना न धरता उतरते, हे सगळं खरं आहे. पण ते आपण मोजलंच नाही ना.

एकच माणूस खरा उतरला. तुमचे दादा! दीड वजा करूनही पुरते दोन इंच. वही छातीशी धरून म्हटलं, निदान घरचा एक आकडा तरी खोटा निघाला नाही.

सिस्टर म्हणाली, मी आपणहून बोलणार नाही, काकू, तुम्ही ठरवा. आता मी काय करू? सांगितलं तर हॉल जातो, हॉल गेला तर साडेदहाची दाढी जाते. न सांगावं तर दहा तारखेला खोट्यावर सही करायची. गप्प बसलं तर चालेल का हो? तुम्ही एकदा "चालेल" म्हणा. मी दुसरं काही मागत नाही.

वहिनी

२३ जानेवारी

वहिनी,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, तो दुपारी तुझ्या दुकानात आणून देईल. वाचून झालं की शटर ओढ आणि घरी जा.

अनुदान राहू दे बाजूला. सतरा नंबर बघ. तूच लिहिलं होतंस, तो व्यायाम करत नाही, स्टुलावर बसतो. ज्या तीस जणी रोज घाम गाळतात त्यांची कंबर जागची हलली नाही, आणि बसून राहिलेल्या एकट्याची दोन इंच गेली? जेवण व्यवस्थित असताना? आणि तांब्या हातचा सुटत नाही म्हणतेस! वहिनी, पत्रक वाचून कुणी इतकं पाणी पीत नाही. त्याला काहीतरी झालंय. इतके दिवस सगळ्यांचेच आकडे उतरलेले, म्हणून त्याचा त्यात लपून गेला. तू दीड वजा केलास म्हणून तो उघडा पडला.

मी सकाळी फोन केला होता. अर्थात त्यानेच उचलला. "एकदम ठणठणीत," म्हणाला, आणि मधेच "थांब, जरा पाणी पितो" म्हणून गेला. मी फोन ठेवून दिला.

त्याला आजच्या आज डॉक्टरकडे ने. रक्त तपासा, लघवी तपासा. नाही म्हणाला तर पीटीच्या बाईंना बोलाव, त्यांची शिट्टी घेऊन यायला सांग.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही, चालणार नाही. मी हे तोंड वर करून सांगतेय, पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? तो सारांश शेजारच्या टेबलावर नाही, माझ्याच टेबलावर लिहिला गेला. नियम धाब्यावर बसवून मी तुझी फाईल ओढून घेतली, आणि "सतरा क्रमांकाची प्रगती विशेष उल्लेखनीय" हे वाक्य माझं आहे. माझ्या भावाच्या आजाराला मी उल्लेखनीय म्हटलं. उद्या साहेबांना सगळं सांगणार आहे.

दादाचं काय झालं ते कळव. दोन ओळी कळव, पण कळव.

१ फेब्रुवारी

वन्सं,

दोन ओळीच लिहितेय, इस्पितळातल्या बाकावर बसलेय.

साखर. रक्तात इतकी वाढलेली की तपासणाऱ्याने पुन्हा नमुना घेतला. त्याच दिवशी भरती केलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा काढला असता तर बेशुद्धच आणावं लागलं असतं. दोन दिवस सलाईन लावलेलं होतं, आता सुई सुरू आहे. जिवाचा धोका टळलाय म्हणतात.

मी या हातांनी पँटी आत घेतल्या हो. गात गात घेतल्या. माणूस डोळ्यांदेखत झिजत होता आणि मला वाटत होतं, माझं नशीब उजळलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

समितीला पत्र मी कालच टाकलंय. बोटांचं सगळं लिहिलं. सिस्टरने खाली सही केली, मी सांगितलं नव्हतं तरी.

वहिनी

१२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र समितीपुढे वाचलं गेलं. मोठं अनुदान रद्द झालं. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे परत मागणार नाहीत, कारण हॉलमध्ये व्यायाम झाला याबद्दल कुणाला शंका नाही. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येईल. एक सभासद म्हणाले, स्वतःची चूक अशी टाक्याटाक्याने उसवून दाखवणारा अर्जदार पहिल्यांदा पाहिला. मग त्यांनीही हात वर केला, रद्द करायच्या बाजूने.

मला छाननीतून काढून आवक-जावक विभागात बसवलंय. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारते. पगार तोच आहे, इज्जत थोडी कमी आहे. तक्रार नाही. साहेबांनी एवढंच विचारलं, "आपल्या माणसासाठी केलंत, ना?" मी हो म्हटलं आणि मला तिथेच रडू आलं.

हॉलचं काय होणार? दादा खुर्चीत बसला का परत? तू लिहीत नाहीस, की लपवतेस? आता लपवू नकोस गं. एवढ्यावरूनही आपण काही शिकणार नसू तर कठीण आहे. रविवारी बसने येऊ का मी?

तुझी नणंद

१८ फेब्रुवारी

चिमे,

तुझ्या वहिनीला आलेलं पत्र मी वाचलं. तिला विचारून वाचलं. उत्तर मी लिहितो म्हणालो. तीस वर्षं लोकांचं लिहिलेलं छापलं, स्वतः लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घे.

हॉल गेला. मालकाने रंगाचे डबे भरून ठेवलेत तिथे. बायका शाळेच्या पटांगणात जमतात, आठवड्यातून दोनदा, मुलं यायच्या आधी. मी जातो. आता स्टूल नाही, त्यामुळे उभं राहावं लागतं, आणि उभं राहिलं की पीटीच्या बाई सोडत नाहीत.

तुम्ही दोघी एकमेकींची क्षमा मागत बसला आहात. वहिनी म्हणते तिला दिसलं नाही, तू म्हणतेस तू उल्लेखनीय लिहिलंस. खरं सांगू का? मला माहीत होतं.

ऑक्टोबरपासून माहीत होतं. घसा सारखा कोरडा, तासातासाला उठायचं, पोटऱ्यांत गोळे. हॉलचा जिना चढताना अर्ध्यावर बसायचो आणि वर कुणाची चाहूल लागली की चपलेत खडा गेल्यासारखं करायचो. दोनदा तुझ्या वहिनीने पँटी आत घेतल्या. तिसऱ्यांदा सैल झाल्या तेव्हा मी तिला दाखवल्याच नाहीत, आतून पिना लावल्या. सिस्टर मोजायला आली त्याच दिवशी संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं.

पण तिने सतरा नंबरचा आकडा वाचला आणि तीस बायका उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. छापखान्याला टाळं लागलं त्या दिवशी आम्ही चौदा जण बाहेर पडलो, तेव्हा फाटकावरच्या माणसाने मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. आणि इथे माझ्यासाठी टाळ्या! तुझी वहिनी तर अशी बघत होती, जशी लग्नानंतर कधी बघितली नव्हती. कसं सांगणार?

पुढे तुझा फोन आला, हिरो झालास म्हणालीस. मग कळलं की सगळा अर्जच माझ्या आकड्यावर उभा आहे. मी आजारी म्हटलं की आकडा गेला, पैसे गेले, त्या तीस जणींची जागा गेली. मी मनात मांडून बघितलं. एका बाजूला त्या तीस जणी, तुझी वहिनी, तुझं नाव. दुसऱ्या बाजूला घरात बसून असलेला, बिनकामाचा एक माणूस. मला वाटलं, हा व्यवहार परवडण्यासारखा आहे. खरंच वाटलं, चिमे. मरायचं होतं असं नाही, पण गेलो तर कुणाचं काय अडतंय असं वाटायचं.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर तुझी वहिनी माझ्या पायाशी बसून हुंदके देत होती. तोंडात पदराचा बोळा, आवाज होऊ नये म्हणून. मी म्हटलं, हॉल जाणार म्हणून रडतेस का? तिने अशी काही नजर टाकली की मला उभ्या जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. मग भांडली. पंचवीस वर्षांत भांडली नव्हती तेवढी भांडली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बाहेर गेला.

तिला एकच वचन दिलंय, काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं. सोपं वाटतं, पण नाही. परवापासून डाव्या पायाला मुंग्या येतात आणि अंगठ्याला चिमटा काढला तरी कळत नाही. डॉक्टरला सांगितलेलं नाही, हिलाही नाही. दोन दिवस जीभ रेटत नाहीये. म्हणून आधी तुला लिहून बघितलं, जमतंय का ते.

जमलं. ती आत भाजी निवडतेय. पत्र इथेच थांबवतो आणि तिला सांगायला जातो.

रविवारी ये.

दादा